साथीच्या दिवसांतली ग्रामसभा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर तुमच्या गावची किंवा शहराची सभा भरेल का, आणि भरली तर तिला कोणाकोणाला येता येईल. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतले सहा येथे घेतले आहेत. उत्तरे लिहिणारा मी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे मी नोकरीतच होतो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात कायद्याइतकाच त्या दिवसांतला अनुभवही आहे.

प्रश्न: २०२० मध्ये आमच्या गावात १ मेची ग्रामसभा झाली नाही आणि १५ ऑगस्टचीही झाली नाही. निर्णय मात्र होत राहिले, आणि त्यावरून गावात आलेला कडवटपणा अजून पुरता गेलेला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर सरपंच या नात्याने मी ग्रामसभा घ्यावी की थांबवावी? कायदा कोणाच्या बाजूने आहे? (एक महिला सरपंच, रत्नागिरी जिल्हा)

सरपंचताई, कायदा दोन बाजूंनी बोलतो, आणि आपली अडचण नेमकी तेथेच आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ७ प्रमाणे दर आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आपल्या अंगवळणी पडल्या आहेत त्या यामुळेच. पुरेसे कारण नसताना सभा बोलावण्यात कसूर केली तर सरपंचपदच धोक्यात येऊ शकते. दुसरीकडे साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यांच्याखाली जिल्हाधिकारी जमावावर बंदी घालू शकतात. तेव्हा ज्याला आपण १४४ कलम म्हणत होतो ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. असा आदेश निघाल्यावर सरपंचाने तो मोडून सभा घेणे योग्य नाही, आणि आपण ती घेतली नाही याबद्दल कोणी आपल्याला दोषही देणार नाही.

मात्र बंदीचा आदेश नीट वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. आदेश बहुधा सरसकट नसतो. त्यात माणसांची संख्या, जागेचा प्रकार, वेळ आणि मुदत दिलेली असते. ‘बंदिस्त सभागृहात इतके, मोकळ्या जागेत इतके’ असा फरक असेल तर मोकळ्या जागेची वाट शिल्लक राहते. तीही नसेल, तर गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी परवानगी मागावी आणि अर्जासोबत सभेचा आराखडा जोडावा: जागा कोणती, तिचे क्षेत्रफळ किती, माणसे किती, विषय किती, सभा किती मिनिटांत संपेल. त्या दोन वर्षांत माझ्या टेबलावर ‘ग्रामसभा घ्यावी किंवा कसे, मार्गदर्शन व्हावे’ अशी पत्रे कितीतरी आली. ‘अशा अशा रीतीने घेणार आहोत, परवानगी द्यावी’ असे लिहिलेले एकही पत्र आले नाही. मार्गदर्शन मागणाऱ्या पत्राला कचेरीतून ‘शासन निर्देशांप्रमाणे कार्यवाही करावी’ यापलीकडे उत्तर जात नाही. मीही तेच लिहीत असे, याची कबुली देतो.

आपल्या पत्रातल्या कडवटपणाचे कारण मी ओळखू शकतो. २०२० चा गणेशोत्सव २२ ऑगस्टला सुरू झाला, आणि त्याआधी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना किती दिवस वेगळे ठेवायचे, चौदा की दहा, यावरून कोकणात घराघरांत वाद झाले. शाळेत कोणाला ठेवायचे, त्यांना जेवण कोणी पोचवायचे, विहिरीवर कोणी केव्हा जायचे, ही सगळी ग्रामसभेच्या पटलावर यायला हवी अशी कामे होती. ती चार माणसांच्या समितीने ठरवली आणि बाकीच्यांना भिंतीवरच्या सूचनेतून कळली. निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रश्न नंतरचा. ज्याच्या भावाला वेशीवर अडवले त्याला बोलायला जागाच नव्हती. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगच्या वेळी घाईने आला आणि त्याच वर्षी पुण्यात घरझडतीने लोक किती बिथरले होते, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. तो धडा गावपातळीवर मात्र आपण गिरवत नाही.

म्हणून माझे मत असे की, सभा रद्द करणे हा शेवटचा उपाय असावा. सभा लहान करा, मोकळ्यावर न्या, विषय चारच ठेवा, वाडीवाडीने घ्या. पण साथीच्या काळात गावावर बंधने घालायची असतील तर ती गावासमोर मांडल्याशिवाय घालू नका.

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीने वीस बाय तीस फुटांचे नवे सभागृह बांधले आहे, पंखे आहेत, आता वातानुकूलन यंत्रही बसवले आहे. साथीच्या काळात तेथे सुरक्षितपणे किती माणसे बसू शकतील? मैदानात सभा घेतली तर पावसाचे काय? (ग्रामपंचायत सदस्य, सांगली जिल्हा)

आपण माप दिलेत म्हणून हिशेब करता येतो. दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवायचे म्हणजे प्रत्येकाला ढोबळ मानाने सहा बाय सहा, म्हणजे ३६ चौरस फूट जागा लागते. आपले सभागृह ६०० चौरस फुटांचे. त्यात सोळा माणसे बसतील, आणि व्यासपीठ, टेबल, येण्याजाण्याची वाट वजा केली तर बारासुद्धा अवघड. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. शंभर माणसांना ३,६०० चौरस फूट, म्हणजे साठ फूट लांब आणि साठ फूट रुंद जागा हवी. एवढे सभागृह तालुक्याच्या गावीसुद्धा सहसा नसते. शाळेचे पटांगण मात्र बहुतेक गावांत आहे.

अंतरापेक्षाही मोठा मुद्दा हवेचा आहे. सुरुवातीला आपण सगळेच हात धूत होतो आणि टेबले पुसत होतो. पुढे हे स्पष्ट झाले की, बोलताना, खोकताना तोंडावाटे निघणारे अतिसूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि सहा फुटांच्या पलीकडेही पोचतात. छताचा पंखा तीच हवा घुसळतो, नवी हवा आणत नाही. भिंतीवरचे साधे वातानुकूलन यंत्रही खोलीतलीच हवा थंड करून परत सोडते, शिवाय ते लावले की खिडक्या बंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा सार्वजनिक जागांसाठी दर माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा हे माप सुचवले. ते मोजायला आपल्याकडे उपकरण नसेल, तर एक घरगुती चाचणी आहे. सभागृहाच्या मधोमध उदबत्ती लावा, दारे-खिडक्या जशा सभेच्या वेळी असतात तशाच ठेवा आणि दहा मिनिटांनी आत या. धूर तेथेच घोटाळत असेल आणि कोपऱ्यात वास साचला असेल, तर त्या खोलीत सभा घेऊ नका. समोरासमोरच्या खिडक्या उघडून, एका बाजूच्या खिडकीत पंख्याचे तोंड बाहेर करून पुन्हा लावून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. थोडा खर्च परवडत असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. मोकळ्या हवेत ते साधारण ४२० च्या आसपास आकडा दाखवते. सभेत हजाराच्या वर गेला की लोकांनी सोडलेला श्वासच लोक पुन्हा घेत आहेत असे समजावे आणि दहा मिनिटे सगळ्यांना बाहेर काढावे.

मैदानाची आखणी करताना कोणी टेप घेऊन प्रत्येक जागा मोजत बसू नये. २०२१ च्या सुरुवातीला मी एका गावात पाहिलेली युक्ती सांगतो. गावातल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी एका लांब दोरीला सहा-सहा फुटांवर लाल चिंध्या बांधल्या, दोरी ताणून धरली आणि प्रत्येक चिंधीखाली फक्कीची मूठ टाकत गेली. मग दोरी सहा फूट पुढे सरकवायची. शंभर खुणा व्हायला अर्धा तासही लागला नाही. कुटुंबाने एकत्र यायचे असेल तर एका खुणेवर तिघे बसले तरी बिघडत नाही, कारण ती माणसे घरी एकाच चुलीवर जेवतात. हे लोकांना सांगितले की अंतराची सक्ती त्यांना जाचक वाटत नाही. त्या सभेत म्हाताऱ्यांच्या रांगेवर कोणी सावली धरली नव्हती आणि उन्हामुळे सगळे उठून शाळेच्या व्हरांड्यात एकमेकांना खेटून उभे राहिले, ही चूकही तेथेच पाहिली. मांडव घाला, पण त्याला कनाती लावू नका. चारही बाजूंनी कापड बांधलेला मांडव म्हणजे कापडाचे सभागृहच.

पावसाबद्दल आपली शंका रास्त आहे. १५ ऑगस्टची सभा म्हणजे पाऊस आलाच असे समजून चालावे. अशा वेळी मंदिराचा खुला सभामंडप किंवा बाजारओटे यांचा विचार करावा, जेथे वर छप्पर आहे आणि भिंती नाहीत. मंदिरात सगळ्यांना सारखे येता येत नसेल किंवा येण्यात कोणाला अवघडल्यासारखे होत असेल तर ती जागा नको. तेही नसेल तर सभा प्रभागवार घ्या. एका दिवशी तीन ठिकाणी तीन लहान सभा झाल्या आणि मग थोडक्या माणसांत मुख्य ग्रामसभा झाली, तर चर्चा आधीच होऊन गेलेली असते. गणपूर्ती न झाल्यामुळे सभा तहकूब करावी लागली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मात्र तिच्यात नवा विषय घेता येत नाही. काही सरपंच याचा उपयोग पळवाट म्हणून करतात, हे मला ठाऊक आहे, आणि साथीच्या काळात तो मोह जास्त होतो.

एक बाब सहसा लक्षात येत नाही: ध्वनिवर्धक हेही संसर्ग रोखण्याचे साधन आहे. माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितके जास्त कण तोंडातून बाहेर पडतात. माइक चांगला असला की कोणी ओरडत नाही. तो मात्र हातोहात फिरवू नये. दोन ठिकाणी स्टँडवर उभा करावा आणि बोलणाऱ्याने तेथे येऊन, मास्क न काढता बोलावे. आपल्याकडे माइकसमोर आले की पहिल्यांदा मास्क खाली ओढण्याची रीत पडली होती, आणि ती पुढाऱ्यांनीच पाडली.

प्रश्न: मी नोकरीसाठी मुंबईत असतो, पण माझी शेती आणि घर गावीच आहे. मोबाइलवरून ग्रामसभेला हजर राहू द्यावे अशी आम्हा मुंबईकर मंडळींची मागणी आहे. ग्रामसेवक म्हणतात, कायद्यात तशी सोय नाही. कोणाचे खरे? (एक वाचक, मुंबई)

दोघांचेही काही अंशी खरे आहे. ग्रामसभेचा सदस्य कोण, तर ज्याचे नाव त्या गावाच्या मतदार यादीत आहे तो. आपले नाव मुंबईच्या यादीत असेल तर गावात घर, शेती आणि देव असूनही आपण त्या ग्रामसभेचे सदस्य ठरत नाही. ऐकू शकता, मत नोंदवू शकत नाही. नाव गावच्या यादीत असेल तर प्रश्न उरतो तो फक्त उपस्थितीचा. ग्रामसभेचे नियम लिहिले गेले तेव्हा हजर राहणे म्हणजे समोर येऊन बसणे एवढाच अर्थ कोणाच्या मनात होता. त्यामुळे दूरस्थ उपस्थिती गणपूर्तीत धरायची असेल तर शासनाचा स्पष्ट आदेश हवा. तो नसताना ती धरली आणि उद्या एखाद्या ठरावाला आव्हान मिळाले, तर ठराव टिकवणे जड जाईल.

तोपर्यंत गावाने करायचे ते असे: गणपूर्ती समोर बसलेल्या माणसांवरूनच मोजावी, आणि मोबाइलवरून जोडलेल्या मतदारांची नावे, त्यांचे प्रश्न, त्यांच्या हरकती इतिवृत्तात वेगळ्या शीर्षकाखाली लिहाव्यात. अशाने ठराव अडचणीत येत नाही आणि आपले म्हणणेही कागदावर राहते. ओळख पटवण्यासाठी मतदार यादीतला अनुक्रमांक विचारावा. हात वर करून मत घ्यायचे झाले तर ते समोरच्यांचेच घ्यावे.

मुंबईकर मंडळींना राग येणार नसेल तर आणखी एक सांगतो. मोबाइलवरची सभा सुरू झाली की ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आहे त्याचा आवाज मोठा होतो. गावात ज्या वाडीला टेकडीवर जाऊन उभे राहिल्याशिवाय रेंज मिळत नाही, ती वाडी गप्प बसते. ऑनलाइन सोय म्हणजे सर्वांची सोय, हे समीकरण मला मान्य नाही. साध्या फोनवरून जोडता येईल अशी व्यवस्था त्यापेक्षा बरी: एक मोबाइल स्पीकरवर माइकजवळ ठेवायचा, नंबर नोटिशीत छापायचा आणि बाहेरून येणाऱ्या प्रश्नांसाठी सभेतली वीस मिनिटे राखून ठेवायची.

नोटीसही व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकली की पोचली, असे समजू नये. साधारण ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. फलकावर ती लागतेच, पण साथीच्या काळात फलकापुढे कोणी थांबत नाही. दवंडी देणारा माणूस आता बहुतेक गावांत उरलेला नाही. त्याच्या जागी सकाळी फिरणारी घंटागाडी आहे. गाण्याऐवजी तिच्यावरून सभेची तारीख, जागा आणि विषय सात दिवस ऐकवले तर ज्या घरात मोबाइल नाही तेथेही निरोप जातो.

प्रश्न: मला ऐकू येत नाही. समोरच्याच्या ओठांवरून मी बोलणे समजून घेतो. सगळ्यांनी मास्क लावल्यावर माझ्यासाठी सभा म्हणजे मुक्यांचा बाजार झाला. शेजारचे एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीवर असतात, ते तर येतच नाहीत. आमच्यासाठी ग्रामपंचायतीने काय करणे बंधनकारक आहे? (एक दिव्यांग वाचक, सातारा जिल्हा)

आपल्या पत्रातला ‘मुक्यांचा बाजार’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे, कारण त्यापेक्षा नेमका शब्द मला सुचला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागा आणि माहिती सर्वांना वापरता येईल अशी करणे ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. अनेक ठिकाणी ती वर्षाअखेरीस धनादेश वाटून संपवली जाते. धनादेश वाईट नाही, पण त्यातूनच आपल्या अडचणींवर उपाय करण्याची मागणी आपण ग्रामसभेत ठेवू शकता.

आपल्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय फळा आहे. शाळेचा फळा पटांगणात आणून ठेवायचा आणि एका शिक्षकाने किंवा बारावीच्या मुलीने चालू विषय, मांडलेली रक्कम, कोण काय म्हणाले याचे एकेक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहीत जायचे. यात गंमत अशी की, मागच्या रांगेतले ज्यांना ऐकू येते तेही फळाच वाचू लागतात, आणि सभा भरकटली की ‘आता कोणता विषय चालू आहे?’ हे विचारावे लागत नाही. विषयपत्रिका आणि जमाखर्च आदल्या दिवशी आपल्या हाती लेखी मिळावेत, असा अर्ज आजच देऊन ठेवा. पारदर्शक पट्टी असलेले मास्क मिळतात. निदान सरपंच आणि ग्रामसेवक यांनी तसे वापरले तर त्यांचे ओठ दिसतील. खूणभाषा येणारी व्यक्ती तालुक्यात उपलब्ध असेल तर उत्तम, पण आपण ओठ वाचता, खूणभाषा वापरत नाही, हे आधी विचारून घेण्याचे भान बोलावणाऱ्याला हवे. बहिरेपण म्हटले की सगळ्यांना एकच उपाय, असा समज कचेऱ्यांत पक्का बसलेला आहे.

आपल्या शेजाऱ्यांसाठी मैदानात तीन फूट रुंदीची घट्ट वाट लागेल. खडी आणि वाळूत चाक रुतते. त्यावर जुनी प्लायवूडची फळी टाकली तरी चालते. व्हरांड्यावर चढायचे असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार हवा. अनेक कार्यालयांपुढचे उतार चार-पाच फुटांत उरकलेले असतात, त्यांवरून खुर्ची चढत नाही, उतरताना मात्र सुटते. ज्यांना अंथरुणातून उठताच येत नाही किंवा ज्यांनी घराबाहेर पडू नये असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांचे प्रश्न प्रभागाच्या सदस्याने दोन दिवस आधी दारात उभे राहून लिहून आणावेत आणि सभेत ते वाचून दाखवावेत. हे काम कृपया आशाताईंच्या गळ्यात मारू नये. कोरोनाच्या काळात घरोघरचे सर्वेक्षण, तापमान, ऑक्सिजनची नोंद, लसीची यादी या सगळ्याचा भार त्यांनी उचलला होता. निवडून आलेल्या सदस्याला आपल्या प्रभागात फिरायला हरकत नसावी.

प्रश्न: साथीच्या काळात महिला ग्रामसभा वगळली तर चालेल का? गर्दीची एक वेळ तरी टळेल. (उपसरपंच, जालना जिल्हा)

चालणार नाही. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा व्हायची असते, आणि गर्दी टाळायची म्हणून पहिली कात्री तिलाच लावणे हे मला बरे दिसत नाही. उलट, ती लहान असते, अंगणात भरू शकते आणि पाणी, रेशन, दवाखाना हे साथीत सर्वांत निकडीचे विषय तेथेच नेमके निघतात. वेळ मात्र स्वयंपाकाची ठेवू नका.

प्रश्न: शहरात काय? कोरोनाच्या काळात आमच्या महापालिकेची सर्वसाधारण सभा ऑनलाइन होत असे. नगरसेवक एकमेकांना दिसत, आम्हा नागरिकांना काहीच दिसत नसे. कोणी अडचणीचे बोलू लागला की त्याचा आवाजच बंद होतो, अशी तक्रारही ऐकू येत होती. (एक निवृत्त शिक्षिका, पुणे)

जुलै २०२० मध्ये नगरविकास विभागाने पालिकांच्या सभा दूरदृश्य प्रणालीने घ्याव्यात असे कळवले होते. त्या वेळी ते आवश्यक होते. दोनशेहून अधिक नगरसेवकांची मुंबईसारखी महापालिका बंद सभागृहात भरवणे कोणालाही शहाणपणाचे वाटले नसते. पण सभागृहात नागरिकांसाठी सज्जा असतो, पत्रकारांसाठी जागा असते, आणि एरवी सभा लोकांना खुली असते. पडद्यावर सभा नेताना हा सज्जा बरोबर न्यायचे राहून गेले. सभेचे थेट प्रक्षेपण करायला वेगळी यंत्रणा लागत नाही. जी दृश्यवाहिनी नगरसेवकांसाठी चालू आहे तीच नागरिकांना पाहण्यापुरती खुली करता येते. सभा पूर्ववत झाल्यावरही हे प्रक्षेपण बंद करू नये, अशी मागणी आपण आपल्या नगरसेवकांमार्फत ठरावरूपाने करावी. ज्यांना जिने चढून सज्जापर्यंत जाता येत नाही त्यांना तर साथ नसतानाही त्याचा उपयोग आहे.

आवाज बंद करण्याच्या कळीबाबत दोन साधे नियम पुरतात. ती कळ कोणाच्या हाती आहे हे सभेच्या आरंभी जाहीर करावे, आणि कोणाचा आवाज पीठासीन अधिकाऱ्यांच्या आदेशावरून बंद केला तर त्याची वेळ व कारण इतिवृत्तात लिहावे. समोरासमोरच्या सभागृहात माइक बंद केला तरी माणूस उभा राहून बोलू शकतो आणि ते सर्वांना दिसते. पडद्यावर तो नुसताच ओठ हलवत राहतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की त्याचेच इंटरनेट गेले.

जाता जाता, बऱ्याच पत्रांत हजेरीच्या वहीचा उल्लेख आहे, म्हणून त्याविषयी. मैदान कितीही मोठे असो, साथीच्या काळातल्या ग्रामसभेत सर्वांत दाट गर्दी मी पाहिली ती त्या एका वहीभोवती. एकच वही, एकच पेन, अंगठ्यासाठी एकच शाईचा डबा, आणि सही केल्याशिवाय आपण आलो असे कोणी मानणार नाही या भीतीने सभा संपताना उसळलेली झुंबड. यावर उपाय म्हणजे प्रभागवार चार टेबले मांडावीत, प्रत्येक टेबलावर त्या प्रभागाच्या मतदारांच्या छापील यादीची पाने ठेवावीत आणि सही आत येतानाच घ्यावी. लोकांनी आपापले पेन आणावे असे घंटागाडीवरून आधीच सांगावे. अंगठा लावणाऱ्यांसाठी टेबलाशी साबण, पाण्याची बादली आणि एक तांब्या ठेवावा. पाने नंतर ग्रामसेवकांनी सर्वांसमोर मूळ वहीला चिकटवावीत आणि त्यांवर सरपंचांची सही व शिक्का तेथेच घ्यावा. कोऱ्या राहिलेल्या ओळींवर सभा उठण्यापूर्वी आडवी रेघ मारायला विसरू नये.